रद्दीतून भेट: जुने अंक शोधावेत कसे, पारखावेत कसे आणि द्यावेत कसे

साठी, पंचाहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. अशा कार्यक्रमांत शाली जमतात, श्रीफळं जमतात आणि घरी गेल्यावर शाली कपाटाच्या वरच्या खणात जातात. त्याऐवजी त्या जोडप्याच्या लग्नाच्या सालचा दिवाळी अंक हातात ठेवून बघा. थोडा वेळ पानं उलटण्याचाच आवाज येतो, मग "अहो, ही साडीची जाहिरात बघा" पासून जी सुरुवात होते ती जेवणाची पानं मांडली तरी थांबत नाही.

ही भेट स्वस्तात होते, पण आयत्या वेळी होत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात शोधायला निघालात तर दुकानदार जे गळ्यात मारेल ते घेऊन याल. निदान चार-सहा महिने हाताशी हवेत. आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: संग्राहक दुर्मीळ अंकाच्या मागे असतो, तुम्हाला नेमका अंक हवा आहे. पहिला अंक, शेवटचा अंक, गाजलेला विशेषांक यांच्या मागे लागाल तर पैसे जातील आणि ज्याला द्यायचा त्याचा त्या अंकाशी काही संबंधही नसेल.

आधी माणूस, मग अंक

एका कागदावर लिहून काढा: जन्मसाल, लग्नाचं साल, गाव, नोकरी, घरात कोणते अंक यायचे. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. तो थेट त्या व्यक्तीला विचारू नका, त्यांच्या बहिणीला किंवा वहिनीला विचारा. "तुमच्याकडे वाचनालयातून काय यायचं हो?" एवढं म्हटलं की नावं बाहेर पडतात.

नावं कळली की शोधाची दिशा ठरते. सुधारकी वळणाच्या घरात बहुधा 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' हे त्रिकूट असायचं. 'किर्लोस्कर' १९२० साली कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, 'स्त्री' १९३० साली, 'मनोहर' १९३४ साली. साहित्यात बुडालेल्या माणसाला 'सत्यकथा' द्या. तिचा शेवटचा अंक १९८२ साली निघाला, त्यामुळे त्या पिढीला ती हातात घेताना काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. व्यंगचित्रांची आवड असेल तर 'मार्मिक', जो ऑगस्ट १९६० मध्ये सुरू झाला. राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्या काकांना 'माणूस' किंवा 'सोबत'. क्रिकेटवेड्याला 'एकच षटकार'. इंग्रजी वाचणाऱ्या घरासाठी 'इलस्ट्रेटेड वीकली'. ते १९९३ साली बंद पडलं, पण मोठ्या आकाराचे त्याचे अंक मुंबईत अजून सापडतात. हिंदी वाचणाऱ्यांसाठी धर्मवीर भारतींच्या काळातलं 'धर्मयुग'. आणि साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या कुणालाही, अगदी कुणालाही, 'चांदोबा'.

दिवाळी अंकांचं प्रकरण निराळं. ही परंपरा आपल्याकडे १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली. भेट म्हणून दिवाळी अंक सोयीचा अशासाठी की तो अख्ख्या सालाचा असतो, नेमकी तारीख जुळवावी लागत नाही. दीनानाथ दलालांची चित्रं असलेला 'दीपावली' किंवा खिडकीचित्रांचा, म्हणजे पानाच्या कापलेल्या खिडकीतून चावट वाटणाऱ्या चित्रांचा, 'आवाज' मिळाला तर भेट दुरूनही ओळखू येते. 'आवाज' सासूबाईंना द्यावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जन्मतारखेचं दैनिक द्यायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सकाळच्या दैनिकात आदल्या दिवसाच्या बातम्या असतात. म्हणजे ३ मार्चला जन्मलेल्या माणसाच्या जन्मदिवशी जगात काय झालं ते ४ मार्चच्या अंकात सापडेल. दोन्ही अंक मिळाले तर दोन्ही द्या. दुसरं म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बहुतेक दैनिकांना सुट्टी असते, त्यामुळे १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीचा अंक शोधत बसू नका.

आणि तारखेची खातरजमा करा. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. अशा माणसाला १ जूनचा पेपर दिलात तर ते हसून घेतील, पण आईने सांगितलेली खरी तिथी, "नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी" वगैरे, विचारून घेतलीत आणि जुन्या पंचांगावरून तारीख काढलीत तर भेटीचं वजन वाढतं. ते पंचांगही सोबत देता येतं. १९७३ नंतरचं साल असेल तर त्या सालचं 'कालनिर्णय' शोधा. त्याच्या मागच्या पानावर कुणाच्या तरी हाताने लिहिलेला दुधाचा हिशेब असेल तर ते मुद्दाम घ्या.

मुंबईत शोधायचं कुठे

फोर्टात हुतात्मा चौकाजवळचे पदपथावरचे पुस्तकविक्रेते सगळ्यांना माहीत आहेत. तिथे इंग्रजी जास्त, मराठी कमी. माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अभ्यासाच्या पुस्तकांचा ढीग असतो, मासिकं अधूनमधून. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुने सिनेमांक, पोस्टरं, फोटो मिळतात. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. उजाडायच्या आत पोचलात तर माल बघायला मिळतो, नऊ वाजता गेलात तर उरलेला.

पण खरं सांगायचं तर मराठी अंक या प्रसिद्ध जागांपेक्षा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रद्दीवाल्याकडे जास्त येतात. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की पोटमाळे रिकामे होतात आणि चाळीस-चाळीस वर्षांचे गठ्ठे एका दुपारी खाली उतरतात. घरातल्या नव्या पिढीला ते बघायला वेळ नसतो. दुसरा हंगाम दिवाळीच्या आधीच्या साफसफाईचा. या दोन वेळा साधायच्या तर रद्दीवाल्याशी आधीपासून ओळख हवी. त्याला साहित्याचं प्रेम समजावत बसू नका. "भाई, मराठी का पुराना मॅगझिन आया तो अलग रखना, काटना मत, मैं किलो से डबल देगा," एवढं पुरतं. फोन नंबर द्या, मधूनमधून चक्कर मारा, आणि त्याने बोलावलं की काही आवडलं नाही तरी एखादा अंक घेऊनच परता. रिकाम्या हाताने दोनदा गेलात तर तिसऱ्यांदा फोन येत नाही.

बंद पडणारी फिरती वाचनालयं हा तिसरा झरा. तिथल्या अंकांवर शिक्के असतात, मुखपृष्ठाला खाकी कागद डकवलेला असतो, कडेने जाड दोऱ्याची शिलाई असते. संग्राहक नाकं मुरडतात. मला मात्र भेटीसाठी असा अंक चालतो, उलट शिक्क्यावरचा पत्ता त्या माणसाच्या जुन्या मोहल्ल्यातला असेल तर आणखी बरं. फक्त चालू असलेल्या ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि 'रद्द' असा शेरा कुठेच नाही, असा अंक घेऊ नका. तो कुणीतरी उचलून आणलेला असतो.

अंक मिळतच नसेल तर निदान पान मिळवता येतं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी जुनं. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीने बरीच जुनी नियतकालिकं संगणकावर आणली आहेत. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने स्वतःच ऑनलाइन वाचायला ठेवलेत. संदर्भ विभागात जाताना साल, महिना आणि शक्य असेल तर लेखाचं नाव घेऊन जा. "साठच्या दशकातलं काहीतरी" असं म्हणणाऱ्याला कोण गठ्ठे काढून देणार?

पारख

इथे घाई करू नका. मुखपृष्ठ फाटलेलं असेल, साल लिहिलेलं पान गेलेलं असेल, आणि विकणारा म्हणेल की आजादीच्या वेळचा आहे. साल काढायच्या खुणा अंकातच असतात.

पहिली खूण किंमत. आण्यांत असेल तर अंक एप्रिल १९५७ च्या आधीचा समजायला हरकत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असं छापलेलं असेल तर तो १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा, कारण जून १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला. दुसरी खूण पत्ता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्याआधी गिरगावचा पत्ता 'मुंबई ४' असा संपायचा आणि दादरचा 'मुंबई २८'. सहा आकडे दिसले तर अंक नक्की १९७२ नंतरचा. एक-दोनच आकडे दिसले तर मात्र लगेच उडी मारू नका, जुनी सवय लोकांनी पुढेही बरीच वर्षं सोडली नव्हती. जाहिरातींतले दूरध्वनी क्रमांकही बघा. जितके आकडे कमी तितका अंक जुना.

शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. कार्तिक शके १८७८ म्हणजे १९५६ ची दिवाळी. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या अंकाला मात्र ७९ मिळवायचे. 'वर्ष ९ वे, अंक ३ रा' अशी ओळ असेल आणि मासिक कधी सुरू झालं हे ठाऊक असेल तर बोटांवर हिशेब होतो. हे काहीच नसेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचा. ती छापणं १८६७ च्या कायद्यापासून बंधनकारक होतं, त्यामुळे ती बहुधा सापडतेच.

मग अस्सल की पुनर्मुद्रण? १५ ऑगस्ट १९४७ चा पेपर म्हणून जे काही विकायला येतं त्यातलं बरंचसं कुठल्यातरी वर्धापनदिनानिमित्त पुन्हा छापलेलं पहिलं पान असतं. त्यात वाईट काही नाही, पण अस्सलचा भाव देऊ नका. पान उलटं करा आणि उजेडात तिरकं धरा. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून केलेल्या छपाईत अक्षराचा दाब कागदात उतरतो; मागच्या बाजूने बोट फिरवलंत तर ओळींची खरखर जाणवते, शीर्षकाच्या जाड टाइपापाशी तर डोळ्यांनाही उठाव दिसतो. ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेट आणि रबरावरून, काढलेली प्रत पाठीमागून सपाट लागते. भिंग असेल तर अक्षराच्या कडेला शाई जराशी ढकलली जाऊन तयार झालेली गडद किनार दिसते, ती खिळ्याच्या छपाईची सही. अर्थात ऑफसेट आल्यानंतरच्या अंकांना ही कसोटी लागू नाही. तिथे कागदाकडे बघा. खरा जुना वृत्तपत्री कागद कडेने आणि घडीवर जास्त तपकिरी पडतो, आत फिका राहतो. सगळीकडे एकसारखा चहाच्या रंगाचा असेल तर चहाच असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर पानं मोजा. खरंच मोजा, दुकानात उभं राहून. मधल्या पिनेजवळची चार पानं सगळ्यात आधी जातात, खेळाच्या अंकातलं मधलं पोस्टर तर हमखास गेलेलं असतं. कुपनं कापलेली असतात, खिडकीचित्राची खिडकी फाटलेली असते. वर्षभराचे अंक एकत्र बांधलेला खंड घेताना बघा की बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकल्यात का, आणि कडा कापताना मजकुराला कात्री लागलीय का. शब्दकोडं कुणी पेनाने सोडवलेलं असेल तर त्याला दोष मानू नका. त्यातलं चुकलेलं उत्तर भेट घेणारा माणूस आधी हुडकून काढतो.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे जाहिरातींची पानं कापून फ्रेममध्ये विकणं. अफगाण स्नोची किंवा एखाद्या कापडगिरणीची जाहिरात भिंतीवर छान दिसते, कबूल, पण त्या एका पानापायी उरलेला अंक लगद्यात गेलेला असतो. पूर्ण अंक घ्या, पूर्ण अंक द्या.

भावाचं थोडक्यात: रद्दीवाला वजनावर विकतो, पदपथावरचा विक्रेता मुखपृष्ठावर, आणि चोर बाजारातला तुमच्या चेहऱ्यावर. हवा तो अंक दिसला की चेहरा बदलू देऊ नका. त्याच्यासोबत दुसरे तीन उचला आणि गठ्ठ्याचा भाव करा.

घरी आणल्यावर

थेट कपाटात ठेवू नका. अंकाबरोबर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, आली असेल तर ती तुमच्या बाकीच्या पुस्तकांत पसरेल. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने पान न् पान झटका. आतून बाहेर, शिवणीपासून कडेकडे. ओलं फडकं नको. उन्हातही वाळवत ठेवू नका, कागद आणखी पिवळा पडतो. किडीची शंका असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्या म्हणजे दमट हवेचं पाणी कागदावर धरत नाही. ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी १९६१ चा अंक का आहे, याचं उत्तर मात्र घरच्यांना आधीच देऊन ठेवा.

पिना गंजल्या असतील तर आतून त्यांचे पाय बोथट सुरीने सरळ करा आणि हळूच बाहेर काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून तीन टाक्यांत अंक शिवता येतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत टेप निघून जाते आणि डाग तिथेच राहतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, आणि त्या खळीत बाइंडर घालतात तसं मोरचूद घालू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको.

मुंबईचा पावसाळा हा खरा शत्रू. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, म्हणून तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यावर दमटपणाची भर पडली की बुरशी. गुळगुळीत आर्टपेपरची पानं तर ओलीने एकमेकांना कायमची चिकटतात. अंक आडवे ठेवा, थप्पी बेताची. बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. प्रत्येक अंक आम्लमुक्त कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात असावा; बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नव्हे. सिलिका जेलच्या पुड्या खणात ठेवा आणि वेळोवेळी बदला. डांबराच्या गोळ्यांचा वास अंकाला कायमचा लागतो, त्यापेक्षा सुती पुरचुंडीत वेखंड बरं. आणि जुलैत अंक उघडून बघायचा मोह आवरा. थंडीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी सगळे बाहेर काढून पंख्याखाली वारा द्या.

देताना

चकचकीत कागदात गुंडाळून वर टेप मारलीत तर उघडताना मुखपृष्ठ जाईल. मागे जाड आम्लमुक्त पुठ्ठा, वर पॉलिएस्टरचं पाकीट, त्याला सुती कापडाचं वेष्टण आणि नाडी. खणाच्या कापडाचा लखोटा शिवून घेतलात तर फारच देखणा दिसतो, फक्त रंग जाणारं कापड नको.

आत एक चिठ्ठी ठेवा. शुभेच्छांपेक्षा तिच्यात पानांचे नंबर लिहा: "पान ३४ वर तुमच्या आवडत्या लेखकाची कथा, पान ७१ वर तुमच्या कॉलेजजवळच्या हॉटेलची जाहिरात." खुणेसाठी चिकटणाऱ्या रंगीत पट्ट्या वापरू नका, पांढऱ्या कागदाच्या सैल पट्ट्या घाला. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला देत असाल तर त्यातली एखादी कथा मोठ्या टाइपात छापून सोबत जोडा, नाहीतर अंक हातात घेऊन ते नुसते बसून राहतील.

भिंतीवर लावायची हौस असेल तर मुखपृष्ठाचं चांगलं स्कॅनिंग करून घ्या, त्याची मॅट कागदावरची प्रत फ्रेम करा आणि मूळ अंक वेगळा द्या. भिंतीवरच्या उजेडात मूळ चित्राचे रंग लवकर उडतात. हाताळण्याच्या दोन सूचना तोंडी सांगा: टेबलावर ठेवून वाचा, आणि पान कोपऱ्याला थुंकी लावून उलटू नका. दुसरी सूचना वडीलधाऱ्यांना कशी सांगायची हे तुम्ही बघा; नातवाकडून सांगितलेली चालते.

भेट परदेशी जाणार असेल तर सालाकडे नीट लक्ष द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं, महत्त्वाचे दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. टिळकांच्या काळातला 'केसरी' न्यू जर्सीच्या भाच्याला पाठवायचा बेत त्यामुळे सोडून द्या. साठ-सत्तरच्या दशकातला अंक निवडा, त्याच्या आईच्या तरुणपणाचा. आणि तो हातातल्या बॅगेतून न्यायला सांगा. मोठ्या बॅगेत शेजारी लोणच्याची बरणी असते.